कोलंबिया, कल्पना चावला आणि आपलं गगनयान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी मंडळींसमोर मी अधूनमधून अंतराळावर बोलतो. कधी गणेशोत्सवाच्या मांडवात, कधी एखाद्या शाळेत, कधी नुसतंच बाड्यावर चहा घेताना. २०२५मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आले, तेव्हापासून प्रश्न फार वाढले आहेत. विषय गगनयानाचा, म्हणजे भारताने स्वतःच्या यानातून माणसं अंतराळात पाठवायच्या मोहिमेचा निघतो आणि दहा मिनिटांत गाडी १ फेब्रुवारी २००३वर, म्हणजे कल्पना चावला गेली त्या कोलंबिया यानाच्या अपघातावर येऊन थांबते. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. प्रश्न ज्या शब्दांत येतात, शक्यतो त्याच शब्दांत ठेवले आहेत.

कोलंबियाला नेमकं झालं काय?

कोलंबिया हे नासाचं स्पेस शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान, १६ जानेवारी २००३ला फ्लोरिडातून उडालं. ८२व्या सेकंदाच्या आसपास बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरच्या फोमचा पाऊण किलोचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर बसला. ही कड कार्बनच्या खास पॅनेलांची असते, कारण परतताना तिला १,६०० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सोसायची असते. त्यातल्या आठव्या पॅनेलला भोक पडलं.

कक्षेतल्या सोळा दिवसांत त्या भोकाने काहीच त्रास दिला नाही. तिथे हवाच नाही. १ फेब्रुवारीला यान वातावरणात शिरलं तेव्हा तापलेला वायू भोकातून पंखात घुसला. पंखाचा आतला सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. टेक्सासवर सुमारे ६० किलोमीटर उंचीवर, ताशी २०,००० किलोमीटर वेगात, यान वळलं आणि तुटलं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत होते. धावपट्टीवर उतरायला सोळा मिनिटं बाकी होती.

रिक हसबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, कल्पना चावला, लॉरेल क्लार्क आणि इस्रायलचे इलान रॅमन असे सात जण गेले. आपल्याकडे एकच नाव लक्षात राहिलंय, म्हणून सातही लिहितो.

फोम म्हणजे थर्मोकोलसारखाच ना? त्याने पंख कसा फुटेल?

हा प्रश्न नासातल्या मोठमोठ्या लोकांनाही पडला होता, त्यामुळे संकोचू नका. सुटलेला तुकडा हलका असल्यामुळे हवेने त्याला एका क्षणात मागे खेचलं. यान मात्र आवाजाच्या जवळपास अडीचपट वेगाने पुढेच जात होतं. म्हणजे एका परीने पंखच त्या फोमवर जाऊन आदळला, आणि दोघांच्या वेगातला फरक ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास होता.

अपघाताची चौकशी करायला नेमलेल्या मंडळाने हे कागदावर सोडलं नाही. जुलै २००३मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत खऱ्या पॅनेलवर तेवढाच फोम, तेवढ्याच वेगाने, हवेच्या तोफेतून मारला. साधारण ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं. बघणाऱ्यांच्या तोंडून आवाज निघाला म्हणतात. त्या दिवसानंतर 'फोमने काय होतंय' हा वाद संपला.

तो दिवस शनी अमावास्येचा होता. त्याचा काही संबंध?

हा प्रश्न आज्यांचा, आणि माझ्या फार आवडीचा. मुरैनाजवळच्या ऐंतीच्या शनिश्चराला दर शनी अमावास्येला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो पडणारच. १ फेब्रुवारी २००३ला शनिवार होता हे खरं, पौष अमावास्या होती हेही खरं. पण अमावास्या आपल्या घड्याळाने दुपारी सव्वाचारच्या सुमारास संपली, आणि यान तुटलं साडेसातला, म्हणजे प्रतिपदा लागल्यावर. शिवाय भोक पडलं तो दिवस, १६ जानेवारी, गुरुवार होता आणि पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. तेव्हा शनिमहाराजांना यातून मोकळं करावं, ही विनंती.

'नासाला सगळं माहीत होतं, मुद्दाम अंतराळवीरांना सांगितलं नाही' असा मेसेज दरवर्षी येतो. खरा आहे का?

अर्धा. याचं उत्तर लांब आहे. सगळ्या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

उड्डाणाच्या चित्रफिती दुसऱ्या दिवशी पाहिल्या तेव्हाच फोम आदळलेला दिसला होता. पण नेमका कुठे आणि काय नुकसान झालं, ते दिसत नव्हतं. खालच्या फळीतल्या अभियंत्यांना काळजी वाटली. लष्कराच्या उपग्रहांकडून किंवा जमिनीवरच्या शक्तिशाली दुर्बिणींकडून पंखाचे फोटो काढून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. चौकशी मंडळाला अशा तीन वेगवेगळ्या मागण्या सापडल्या. एकीवर तर हालचालही सुरू झाली होती. २२ जानेवारीला ती वरून थांबवली गेली. रीतसर मार्गाने आली नाही, गरज कोणाची आहे ते स्पष्ट नाही, असली कारणं. सरकारी कचेरीत फाइल फिरवलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही.

वरच्यांना इतका निवांतपणा कुठून आला? फोम आधीही पडायचा. ऑक्टोबर २००२च्या उड्डाणात टाकीच्या त्याच जागेचा फोम सुटून बाजूच्या बूस्टर रॉकेटवर आदळला होता, आणि काही झालं नव्हतं. रोज मरे त्याला कोण रडे, तशी गत. पहिल्यांदा जे धोकादायक होतं, ते पाचव्या-सहाव्या वेळी देखभालीच्या यादीतलं एक काम झालं. ज्या गणिती साधनाने नुकसानीचा अंदाज बांधला, तेही अगदी बारीक तुकड्यांसाठी बनवलेलं होतं. हा तुकडा त्यांच्यापेक्षा कित्येकशे पटींनी मोठा. शंका सादरीकरणाच्या स्लाइडवर होती, पण खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. चौकशी मंडळाने त्या स्लाइडच्या मांडणीवरही ताशेरे ओढले आहेत.

आता 'सांगितलं नाही' याबद्दल. २३ जानेवारीला उड्डाण संचालक स्टीव्ह स्टिच यांनी हसबंड आणि मॅककूल यांना ई-मेल पाठवला. फोम आदळलाय, पण परतीच्या प्रवासाला त्याची अजिबात चिंता नाही, असा त्याचा आशय. पत्रकारांनी मुलाखतीत विचारलं तर माहीत असावं, म्हणून तो पाठवला होता. म्हणजे धडक सांगितली, धोका सांगितला नाही. कारण धोका आहे असं सांगणाऱ्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं.

मग मेसेज येतो कुठून? नासातले एक अधिकारी वेन हेल यांनी २०१३मध्ये लिहिलं, की उष्णतारोधक कवच बिघडलं असेल तर आपण काहीच करू शकत नाही, मग त्यांना न कळलेलंच बरं, असं त्या दिवसांत एका वरिष्ठ सहकाऱ्याने बोलून दाखवलं होतं. ही नोंद खरी आहे. पण तिथपासून 'भोक दिसलं आणि लपवलं' इथपर्यंतची उडी मेसेज बनवणाऱ्याची. भोक कोणी पाहिलंच नाही, कारण पाहायचंच नाही असं ठरलं. मला विचाराल तर हे लपवण्यापेक्षा वाईट आहे. लपवणारा निदान पकडला जातो.

वाचवता आलं असतं?

कदाचित. चौकशी मंडळाने हाच प्रश्न नासाला सोडवायला दिला होता. अटलांटिस हे दुसरं शटल मार्चमधल्या उड्डाणासाठी तयार होत होतं. भोक पहिल्या आठवड्यात लक्षात आलं असतं, तर कोलंबियावरच्यांनी हालचाल कमी करून, हवा शुद्ध करणारे डबे पुरवून, १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरला असता. अटलांटिस रात्रंदिवस काम करून १०-११ फेब्रुवारीला उडवता आलं असतं. दोन्ही यानं शेजारी आणून सात जणांना एकेक करून पलीकडे न्यायचं. फार जोखमीचं, पण शक्य कोटीतलं. आधी फोटो मात्र हवा होता.

मग ते सरळ स्थानकावर का गेले नाहीत?

जाऊच शकत नव्हते. दोघांच्या कक्षांचा कल वेगळा होता, कोलंबियाचा ३९ अंश आणि स्थानकाचा ५१.६. कक्षेचा कल बदलायला प्रचंड इंधन लागतं. शिवाय कोलंबियावर स्थानकाला जोडायचं उपकरणही नव्हतं.

त्यांना शेवटी कळलं असेल का?

डिसेंबर २००८मध्ये नासाने यावर वेगळा अहवाल काढला. ताबा सुटल्यानंतर काही सेकंद त्यांना कळत होतं, ते यान सावरायचा प्रयत्न करत होते. मग केबिनमधला हवेचा दाब गेला आणि शुद्ध हरपली. मुलांना सांगताना मी इथेच थांबतो. यापुढचं सांगून कोणाचं काही भलं होत नाही.

भारतात लोकांनी कसं घेतलं ते?

आपापल्या घरातलं कोणी गेल्यासारखं. करनालच्या टागोर बाल निकेतनमध्ये, म्हणजे कल्पनाच्या शाळेत, मुलं ती उतरल्याचा आनंद साजरा करायला जमली होती. ती दर वर्षी त्या शाळेतल्या दोन मुलांना नासा दाखवायला बोलवायची, त्यामुळे तिथे ती नुसती भिंतीवरची तसबीर नव्हती.

पंतप्रधान होते अटलबिहारी वाजपेयी, आपल्या ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीतले. (बहादुरा मिठाईवाल्याच्या लाडवांचा विषय निघाला की अजूनही त्यांची आठवण निघते, तेच.) ५ फेब्रुवारीला त्यांनी जाहीर केलं, की सप्टेंबर २००२मध्ये सोडलेल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाचं नाव यापुढे 'कल्पना-१'. मला ही श्रद्धांजली पुतळ्यांपेक्षा सरस वाटते. तो उपग्रह पुढे चौदा-पंधरा वर्षं ढगांची चित्रं पाठवत राहिला. पाऊस कधी येणार हे बघणाऱ्या किती शेतकऱ्यांना त्याचं नाव माहीत असेल, कोण जाणे.

याहून महत्त्वाचं पुढे घडलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून वाजपेयींनी चांद्रयानाची घोषणा केली. अपघाताला सात महिनेही झाले नव्हते. ते यान माणसाविना जाणार होतं हे मान्य, पण देश हादरून घरात बसला नाही. ऑक्टोबर २००३मध्ये चीननेही आपला पहिला अंतराळवीर यांग लिवेई याला वर पाठवलं. थांबलं होतं फक्त शटल.

ती तर अमेरिकन नागरिक होती. आपण एवढं रडायचं कारण काय?

हा प्रश्न दर वेळी मागच्या रांगेतून येतो, बहुतेक कॉलेजातल्या मुलाकडून. नागरिकत्व अमेरिकेचं होतं, बरोबर. पण चंदिगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजातून एरोनॉटिकल शिकून १९८२मध्ये बाहेर पडलेली मुलगी होती ती. आणि आपण दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलेल्यांची पोरं. गावं सुटली म्हणून नाती सुटतात का, हे आपल्याला कोणी विचारू नये.

इस्रायलमध्ये आणि अमेरिकेत काय झालं?

इलान रॅमन इस्रायलचे पहिले अंतराळवीर. तिथे तेव्हा रोज हिंसेच्या बातम्या होत्या, आणि ही मोहीम म्हणजे एकच चांगली बातमी होती. रॅमन सोबत पेत्र गिंझ या मुलाने नाझींच्या छावणीत काढलेल्या, चंद्रावरून पृथ्वी दिसते अशा चित्राची प्रत घेऊन गेले होते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या केंद्राच्या फाटकावर फुलांचा ढीग लागला. पण मला जास्त भावतात ते पूर्व टेक्सासचे खेडूत. अवशेष त्यांच्या शेतांत, रानांत, तळ्यांत पडले होते. सुमारे २५,००० लोक काही महिने चिखलात, काट्यांत रांगा धरून चालले. हेम्पहिलसारख्या छोट्या गावांतल्या बायकांनी त्यांना जेवू घातलं. ८०,०००हून जास्त तुकडे मिळाले, वजनाने यानाचा ३८ टक्के भाग. शोध घेणाऱ्या एका हेलिकॉप्टरला अपघात होऊन आणखी दोघे गेले. त्यांची नावं कोणी काढत नाही. काहींनी तुकडे लांबवले, काहींनी इंटरनेटवर विकायलाही काढले. दोन्ही जातीची माणसं सगळीकडे असतात.

आपल्या भागातल्यांना हे नीट कळतं. २८ जानेवारी २०२३ला ग्वाल्हेरच्या हवाई तळावरून उडालेली सुखोई आणि मिराज ही दोन विमानं सरावात आदळली. अवशेष मुरैनाच्या पहाडगढ भागात पडले, काही थेट राजस्थानात भरतपूरला. सुखोईचे दोघे वैमानिक वाचले, मिराजचे एकटे वैमानिक गेले. आकाशातून पडलेल्या लोखंडाभोवती जमणारी गर्दी, मोबाइल उंचावलेले हात, आणि त्यातच जखमींकडे धावणारे दोन-चार जण, हे त्या दिवशी लोकांनी पाहिलं.

अपघातात अतिरेक्यांचा हात होता का? यानाचा स्फोट होतानाचे फोटो पाहिलेत.

नाही. ६० किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या अठरा-एकोणीसपट वेगाने जाणाऱ्या यानाला जमिनीवरून कोणी अतिरेकी काही करू शकत नाही. यानात इस्रायली वैमानिक होता, आणि अवशेष पडले त्या भागात पॅलेस्टाइन नावाचं एक गाव आहे. एवढ्यावर लोकांनी कथा रचल्या. उपग्रहाने टिपलेले म्हणून जे फोटो ई-मेलवर फिरले, ते एका हॉलिवूडपटातले प्रसंग होते. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तरी काम अडलं नाही.

इतक्या माणसांचा जीव गेल्यावर लोक 'बंद करा हे सगळं' म्हणत नाहीत?

म्हणतात, पण थोडे. कोलंबियानंतर गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत दहापैकी आठ अमेरिकनांनी माणसांची उड्डाणं चालू ठेवा असं सांगितलं. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर हे शटल ७३व्या सेकंदाला फुटलं, आणि क्रिस्टा मॅकॉलिफ या शिक्षिका त्यात आहेत म्हणून शाळाशाळांतली मुलं ते दूरदर्शनवर बघत होती. तरी तेव्हाही आकडा जवळपास तेवढाच होता.

पण लोकांचा पाठिंबा आणि यानाचं भवितव्य या गोष्टी वेगवेगळ्या चालतात. अ‍ॅडमिरल हॅरॉल्ड गेहमन यांच्या मंडळाने २६ ऑगस्ट २००३ला अहवाल दिला. त्यात फोमला जेवढा दोष दिला, तेवढाच नासाच्या कामकाजाच्या वळणाला दिला. २९ शिफारशी होत्या, त्यांतल्या पंधरा पुढच्या उड्डाणाआधी पूर्ण करायच्या होत्या. जुलै २००५मध्ये डिस्कव्हरी उडालं, आणि काय सांगावं, टाकीवरून पुन्हा फोम सुटला. या वेळी पंख वाचला. पण आता कक्षेत गेल्यावर लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याने पंख तपासायचे, स्थानकाजवळ यान गोल फिरवून पोटाचे फोटो काढून घ्यायचे, सुटकेसाठी दुसरं शटल हाताशी ठेवायचं, अशी शिस्त बसली होती. मे २००९मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला अटलांटिस गेलं तेव्हा दुसऱ्या तळावर एन्डेव्हर खरोखर सज्ज उभं होतं. वरातीमागून घोडं, पण आलं.

तरी शटलचं आयुष्य त्या अपघाताने संपवलंच. १४ जानेवारी २००४ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते निवृत्त करायचं जाहीर केलं आणि २१ जुलै २०११ला शेवटचं शटल उतरलं. १३५ उड्डाणं, दोन यानं गेली, चौदा माणसं गेली. पुढची नऊ वर्षं अमेरिकनांना रशियाच्या सोयूझमधून स्थानकावर जावं लागलं. मे २०२०मध्ये स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनने ते परावलंबन संपवलं. अपघातानंतर अंतराळप्रवास थांबत नाही. तो यान बदलतो, मालक बदलतो.

पैसेवाले मौज म्हणून जातात, त्यांचं काय?

त्यांना अपघात झाला तर लोक इतके रडणार नाहीत, हे स्पष्ट सांगतो. ऑक्टोबर २०१४मध्ये व्हर्जिन कंपनीच्या स्पेसशिपटू या पर्यटकांसाठीच्या यानाच्या चाचणीत एक वैमानिक गेला. बातमी आठवडाभरही टिकली नाही. तो मात्र मौजेला गेला नव्हता, कामावर होता.

सुनीता विल्यम्स नऊ महिने 'अडकल्या' होत्या. ती नासाची नामुष्की नव्हती का?

आपल्या वाहिन्यांनी तसं रंगवलं. जून २०२४मध्ये बोइंगच्या स्टारलायनरमधून त्या आणि बुच विल्मोर आठवडाभरासाठी गेले. यानाचे थ्रस्टर, म्हणजे दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं, बिघडले, हीलियम गळत होता. गुजरातेत झुलासणमध्ये, त्यांच्या वडिलांच्या गावी, लोकांनी अखंड ज्योत लावली. २४ ऑगस्टला नासाने ठरवलं, स्टारलायनर रिकामं परत आणायचं. ७ सप्टेंबरला ते न्यू मेक्सिकोत सुखरूप उतरलंही. तेव्हा लगेच 'बघा, उगाच घाबरले' सुरू झालं.

पण निर्णय जाहीर करताना नासाचे तेव्हाचे प्रमुख बिल नेल्सन यांनी चॅलेंजर आणि कोलंबियाची नावं घेतली होती. आणि खासगी कंपन्यांच्या यानांतून माणसं न्यायच्या नासाच्या कार्यक्रमाची धुरा होती स्टीव्ह स्टिच यांच्याकडे. होय, २००३मध्ये 'चिंता नाही' हा ई-मेल पाठवणारेच ते. या वेळी शंका घेणाऱ्या अभियंत्यांचं म्हणणं आठवडेच्या आठवडे ऐकलं गेलं, आणि बोइंगची नाराजी पत्करून माणसं थांबवली गेली. सुनीता १८ मार्च २०२५ला, २८६ दिवसांनी, उतरल्या. मला यात नामुष्की दिसत नाही.

माणूस कशाला पाठवायचा? रोबोट पाठवा की.

बहुतेक कामांना रोबोटच बरा, आणि पाठवतातही तेच. गगनयानाच्या चाचणीतही आधी व्योममित्र हा यंत्रमानव जाणार आहे. माणूस जातो कारण देशांना तो जावासा वाटतो. यात शास्त्र कमी आणि हौस, अभिमान, जिद्द जास्त, हे कबूल करून टाकलेलं बरं. म्हणूनच जोखीमही उघडपणे मोजली पाहिजे.

एवढे पैसे गरिबांवर का खर्च करत नाहीत?

गगनयानाला सप्टेंबर २०२४मध्ये वाढवून मंजूर झालेली रक्कम २०,१९३ कोटी रुपये आहे, अनेक वर्षांत मिळून. ती मोठी आहे आणि तिचा हिशेब मागावा. पण ती वाचली तर आपोआप गरिबाच्या ताटात पडेल, असा माझा तरी अनुभव नाही.

लढाऊ विमानात उडी मारायची सोय असते, यानात का नसते?

आपल्या डोक्यावरून रोज मिराज जातात, म्हणून हा ग्वाल्हेरचा खास प्रश्न. कोलंबियाच्या पहिल्या चार उड्डाणांत दोन वैमानिकांसाठी अशा खुर्च्या होत्या; नंतर माणसं वाढली आणि त्या काढल्या. सात जणांपैकी दोघांनाच वाचवणारी सोय कोणाला रुचणार? पण त्यामुळे शटलला चढताना पळवाटच उरली नाही.

गगनयानात ती आहे. वर टोकाशी घन इंधनाच्या मोटारी असतात. खाली काही बिघडलं तर त्या माणसांची कुपी खेचून दूर नेतात. २१ ऑक्टोबर २०२३ला श्रीहरिकोट्यात ही यंत्रणा उडत्या रॉकेटवर तपासली. सकाळी पहिला प्रयत्न संगणकाने पाच सेकंद आधी थांबवला, दहा वाजता उड्डाण झालं, कुपी समुद्रात उतरली. ती पाण्यात उलटी तरंगली, ही बातमी टाळ्यांत बुडाली. अभियंत्यांनी अर्थात ती नोंदवली.

असली यंत्रणा खरोखर जीव वाचवते. ११ ऑक्टोबर २०१८ला सोयूझ रॉकेट दोन मिनिटांत बिघडलं आणि दोघेही चालत घरी गेले. त्याआधी सप्टेंबर १९८३मध्ये एक सोयूझ तळावरच पेटलं होतं. त्यातून निसटलेले गेनादी स्त्रेकालोव सहा महिन्यांनी पुन्हा वर गेले, आणि त्या वेळी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत राकेश शर्मा होते.

देव न करो, पण गगनयानाला काही झालं तर?

हा प्रश्न सहसा सगळे उठल्यावर, चपला घालताना, हळूच येतो.

रडू येईल, मेणबत्त्या लागतील, नावं दिली जातील; ते सगळं व्हावंच. पण त्याबरोबर अहवाल मागायला हवा, पूर्ण आणि सगळ्यांना वाचता येईल असा. आपली सवय वेगळी आहे. ७ सप्टेंबर २०१९ला चांद्रयान-२चं विक्रम हे यान चंद्रावर उतरताना संपर्क तुटला, पंतप्रधानांनी इस्रोचे तेव्हाचे प्रमुख के. सिवन यांना मिठीत घेतलं, आणि देशाचा गळा दाटून आला. छान होतं ते. पण काय चुकलं हे सविस्तर कळायला चांद्रयान-३ची वेळ यावी लागली. उलट ऑगस्ट २०२१मध्ये जीएसएलव्ही रॉकेट फसलं तेव्हा हायड्रोजनच्या टाकीच्या झडपेतून गळती झाल्याचं इस्रोने मोकळेपणाने सांगितलं होतं. १८ मे २०२५ला पीएसएलव्ही-सी६१ या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला. त्या चौकशीचा अहवाल मात्र त्या वर्षात लोकांपुढे आला नाही. उपग्रहाच्या बाबतीत हे एकवेळ चालून जाईल. आत माणसं असतील तेव्हा चालणार नाही.

आणि प्रश्न अपघाताआधी विचारलेले बरे. शुभांशु शुक्ला यांचं उड्डाण जून २०२५मध्ये रॉकेटच्या ऑक्सिजनच्या गळतीमुळे पुढे ढकललं गेलं, तेव्हा आपल्याकडे 'पुन्हा तारीख?' म्हणून कपाळाला आठ्या पडल्या. गगनयानाची तारीखही सरकत आली आहे. सरकू द्या. तारीख पुढे गेली की चिडणारे आपणच, आतल्या शंकेखोर अभियंत्याच्या मानेवर बसलेले असतो.

मुलीला अंतराळवीर व्हायचंय. पाठवू का?

गगनयानाचे पहिले चौघे, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला, सगळे हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. म्हणजे आजचा रस्ता वायुसेनेतून जातो. पुढे शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांसाठीही तो उघडेल, कारण २०३५पर्यंत आपलं स्वतःचं स्थानक उभारायचं ठरलंय. गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करून घ्या, पोहायला शिकवा, चष्म्याचं टेन्शन आत्ताच घेऊ नका.

अकरावी-बारावीत असेल आणि इंग्रजी बरं असेल, तर कोलंबियाच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड तिला वाचायला द्या. इंटरनेटवर फुकट आहे. तांत्रिक भाग जड गेला तर सोडून द्यावा आणि सहाव्या प्रकरणापासून सुरुवात करावी. फोटो कोणी मागितले, कोणाकडे मागितले आणि ते का मिळाले नाहीत, हे तिथे तारखांसकट आहे.